आठवी ओळ

मी बोलतोय तो सोलापुरातल्या बाळीवेशीतून, एका वधू-वर मंडळाच्या कपाटामागून. मी सर्व्हर. तुम्ही मला ओळखत नाही, आणि खरं सांगू, मलाही तुमच्या ओळखीची हौस नाही. कुणी मोबाईलवर मंडळाचं नाव टाकलं, की ते नाव कुठल्या पत्त्यावर राहतं हे जगाला मी सांगतो. तुम्हाला वाटतं इंटरनेट आपोआप चालतं. सूर्यसुद्धा तुमची उठायची वेळ बघूनच उगवतो म्हणा!

माझा जन्म शिवकुमारच्या कॉम्प्युटर क्लासात झाला. डबा जुना, डिस्क नवी, पंखा कुणाचा तरी काढलेला. त्याचे काका चनबसप्पा हे मंडळ चालवतात. मला तिथं आणून ठेवलं, तर काकांनी काय करावं? माझ्या हवेच्या जाळीवर विभूती फासली. ती आत गेली आणि पंखा तेव्हापासून घरघरतोय.

मग शिवकुमारनं माझ्यात ओळी भरल्या. वेबसाइट कुठं आहे, त्याची एक ओळ. मंडळाची मेल कुठं पोचवायची, त्याची एक. बाकीच्या तशाच कामाच्या. मेल पाठवून बघितली, ती आली. सगळं चोख होतं. तेवढ्यात चनबसप्पा चष्मा सावरत आले आणि पडद्यावर बोट ठेवून ओळी मोजायला लागले.

"आट? आरं शिवकुमार, आट म्हंजी शनीचा आकडा की! लग्नाच्या कामात शनी कशाला? एक काढ त्यातली."

"काका, सगळ्या लागत्यात ह्या."

"काढ म्हणलो न्हवं!"

शिवकुमारनं शेवटची ओळ पुसली. ती मेलची होती. काका गेले की परत घालू, असं तो पुटपुटला, आणि काकांच्या आधी स्वतःच चहाला गेला. गेला तो विसरलाच. जाताना वेबसाइट तेवढी उघडून बघितली. उघडली म्हटल्यावर पेढे वाटले. घराचं दार उघडतं म्हणून दारावरची टपालपेटीही जागेवर आहे, असं समजणारी ही जात! म्हणे माणूस हुशार प्राणी.

आता चनबसप्पांचा नियम ऐका. भिंतीवर पाटीच आहे : होकार-नकार मेलवर लेखी कळवावा, फोन करू नये. पूर्वी एका पार्टीनं फोनवर दिलेला शब्द फिरवला होता, म्हणून हा कायदा. कायदा कडक, आणि टपालाची ओळच गायब! जो कुणी मेल पाठवे, त्याच्यातर्फे विचारणा माझ्याकडे येई, मेल कुठं द्यायची? मी म्हणे, माझ्याकडे नोंद नाही, आणि मेल आल्या वाटेनं परत फिरे. खोटं मला बोलता येत नाही. ती कला तुमची.

कुणाचंच उत्तर येईना, तेव्हा चनबसप्पा म्हणाले, "हल्लीच्या लोकांना कळवायची बी रीत ऱ्हायली न्हाय."

इथवर मला नुसती गंमत वाटत होती. पण मग चनबसप्पांच्या स्वतःच्या मुलीचीच गोष्ट झाली. अंकिता शाळेत गणित शिकवते. स्थळं बघून बघून पोरगी विटली होती. अक्कलकोटचा रेवणसिद्ध, जनावरांचा डॉक्टर, तिला बघायला इथंच आला, माझ्या कपाटासमोर बसला. अंकितानं विचारलं, "म्हशीची भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "म्हशीची न्हाई, तिच्या मालकिणीची वाटते." ती इतकी हसली की चहा बशीत सांडला. जाताना तो म्हणाला, "मेल करतो." पाटी वाचली होती ना! इतकी मन लावून ती आजवर कुणी वाचली नसेल.

मग अंकिता रोज शाळेतून थेट इथं यायची आणि मंडळाची मेल उघडायची. रिकामी. परत उघडायची.

"अप्पा, एक फोन करून विचारू का?"

"येडी का काय? पोरीकडच्यानं आदी विचारलं की किंमत जाती आपली."

किंमत! पोरीचा चेहरा उतरत चालला होता आणि हे किमतीला कवटाळून बसले होते. पण तीही फोन उचलेना. नंबर पाठ होता की तिला!

श्रावण उलटला. शाळेतून वैतागून तिनं स्वतःच मंडळाला एक मेल पाठवली. ती परत आली. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. शिवकुमारला ओढतच आणलं, ओळ परत घालायला लावली.

दुसऱ्या दिवशी पहिली मेल पोचली. रेवणसिद्धचीच होती. चनबसप्पांनी मोठ्यानं वाचली :

"नमस्कार. माझं लग्न ठरलं आहे, तरी मंडळातली माझी नोंद काढावी. अंकितांसाठी मी दोनदा होकार पाठवला होता. दोन्ही वेळा परत आला. नकार द्यायचा होता तर सरळ द्यायचा, असं दार लावून घ्यायला नको होतं."

मग चनबसप्पा काय म्हणाले असतील? "बग! परत आट ओळी केल्या आन् लगीच नडला शनी."

"अप्पा, गप्प बसा," अंकिता म्हणाली. तिनं रेवणसिद्धची नोंद स्वतःच्या हातानं काढली. मग सवयीनं मंडळाची मेल परत एकदा उघडली. मला वाईट वाटलं. दात काढू नका, खरंच वाटलं.

आता डबाच अपशकुनी ठरलाय. उद्या मला भंगारवाल्याकडे देणार आहेत. द्या. इथं राहून तुमची तोंडं बघण्यापेक्षा भंगार बरं. जाता जाता एवढंच विचारतो. माझी ओळ पुसली होती, म्हणून मी गप्प होतो. ओळ घातली, मी बोललो. बाळीवेशीतून अक्कलकोट एसटीनं तासाभराचं. दोघांच्याही हातात फोन, दोघांच्याही मनात होकार. तुमचं कुणी काय पुसलं होतं?