दगडावरची ओब्दुलिया

आमच्या घरात थोरल्या मुलीचं नाव ओब्दुलियाच ठेवतात. माझी थोरली नात ओब्दुलिया तिसऱ्या वर्षी तापानं गेली. दुसरी झाली तेव्हा सून कासिल्दा म्हणाली, “सासूबाई, गेलेल्या पोरीचं नाव हिला नको. ती हिला बोलावून घेईल.”

“नाव काय तुझ्या माहेरचं आहे?” मी म्हटलं, आणि पाद्रीबाबांना तेच नाव सांगितलं.

आमच्यात नावामागे बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लागतात; दोघी बहिणींची तीच, म्हणून थोरलीच्या थडग्यावर अक्षरन् अक्षर हिचंच नाव. एका नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, सून, नात आणि मी थडग्याचा दगड धुवायला गेलो. पोर नुकती वाचायला शिकली होती. तिनं नाव वाचलं आणि दगडाला कान लावला.

“आजी, आतली म्हणते, माझं नाव परत दे.”

त्या दिवसापासून मी नातीला तिच्या आईच्या नावानं, कासिल्दा म्हणते. सुनेपुढे कधी वाकले नव्हते, तरी म्हणते.

पण पुढच्या नोव्हेंबरात, कब्रस्तानाच्या फाटकाशी, जुन्या सवयीनं तोंडून निघून गेलं, “ओब्दुलिया, चल घरी.” पोर माझा हात धरून उभी होती, ती हलली नाही. मागून छोट्या बुटांचा आवाज धावत आला.

तेव्हापासून सून टेबलावर एक ताटली जास्त मांडते.