जोडबटणाची तार

विमानं दुरुस्त करणाऱ्या ताईने हत्यारांचा डबा उघडला. डब्यात प्रत्येक वस्तूला आपापली खाच होती, आणि दोन टोकांना चिमटे असलेल्या छोट्या तारेची खाच रिकामी होती. तार विमानात राहिली होती. विमान आकाशात होतं, आणि ते चालवत होता तिचा सख्खा धाकटा भाऊ.

सकाळी तोच तक्रार घेऊन आला होता. "ताई, ट्रिम कधी चालते, कधी रुसते." ट्रिम म्हणजे विमानाचं नाक हवं तेवढं वर किंवा खाली धरून ठेवणारी मोटर. ती सुकाणूवरच्या जोडबटणाने चालते. "आणि एवढ्याशा कामाला दोन बटणं कशाला गं? सरकारी खातं आहे का?"

"एक मोटरला वीज देतं, दुसरं वर की खाली ते सांगतं. एक अडकलं तरी दुसरं सोडलं की मोटर गप्प. एकच असतं आणि तेच अडकलं, तर तुझं नाक धावत सुटलं असतं."

"माझं नाक आधीच लांब आहे," तो म्हणाला. याला कधी गंभीर व्हायचं ठाऊकच नव्हतं.

दोष कोणत्या बटणात आहे ते बघायला तिने वीज देणाऱ्या बटणाला तार लावली, म्हणजे ते कायमचं दाबल्यासारखं झालं. तरीही मोटर अडखळली. दोष दुसऱ्यात होता. तिने ते साफ केलं, मोटर सुरळीत चालली, आणि या बाईने खुशीत बटणांवरचा पत्रा बंद केला. एकेक बटण एकटं दाबून मोटर हलत नाही ना, एवढं बघायचं राहिलं. काम एकाने करायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, हा तिथला नियम. पण दुसरा मिस्त्री जेवायला गेला होता.

"तू बघितलंस ना? मग झालं," असं म्हणून भाऊ उडालाही होता.

ताई धावत रेडिओच्या खोलीत शिरली. "त्याला सांगा, ट्रिमला हात लावू नकोस!"

रेडिओवाला तोंड उघडणार तोच भावाचा आवाज आला. "बटण सोडलंय, पण ट्रिम थांबत नाही. नाक खाली चाललंय. दोन्ही हातांनी सुकाणू ओढतोय."

तिने माइक हिसकावला. "उजव्या गुडघ्याजवळ लाल कड्याचं फ्यूजचं बटण आहे. ओढून काढ, मोटरची वीज तुटेल."

"हात सोडला तर मेलो, ताई."

"डावा हात कोपरापर्यंत सुकाणूत अडकव. मग उजवा सोड."

रेडिओवर नुसती खरखर. आईमागे तिनेच त्याला भरवलं, वाढवलं, आणि तिच्याच हाताने हे व्हावं? तिला वाटलं, आपले हात तोडून टाकावेत.

"ओढ ना रे," ती रडत म्हणाली. "राजा, ओढ ना."

खरखर चालूच राहिली. रेडिओवाल्याने नजर फिरवली.

"ओढलं," भाऊ धापा टाकत म्हणाला. "थांबलं."

"आता बाजूचं ट्रिमचं चाक हाताने फिरवून नाक वर आण. सावकाश."

विमान उतरवून तो थेट ताईकडे आला. त्याने ताईला मिठी मारली. "तू होतीस म्हणून वाचलो गं."

तिने नुसती मान हलवली असती तरी कुणाला काही कळलं नसतं. पत्रा तीच उघडणार होती. पण तिने त्याला बाजूला केलं, विमानात चढून त्याच्यासमोरच पत्रा उघडला आणि तार काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही माझी. सकाळी राहिली."

तो तारेकडे बघत राहिला. एरवी याची थट्टा कधी संपत नसे. आज त्याने तार मुठीत घट्ट आवळली. त्याने कानाखाली वाजवली असती तर बरं, असं तिला वाटलं.

तिने हवेत अडकून बसलेलं ते दुसरं बटण काढून नवं बसवलं, दोन्ही बटणं एकेकटी दाबून पाहिली आणि पत्रा लावायला घेतला. तेव्हा त्याने तिचा हात धरला.

"थांब ताई," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या मिस्त्रीला बोलव. त्याने बघितल्याशिवाय मी बसणार नाही."

"बोलवते," ती म्हणाली, आणि डोळे पुसत खाली उतरली.