दुसऱ्या भोंग्याची बिअर

“खालून हलवा रे, खालून! वरवर काय कुरवाळताय? मांजर आहे का ते?”

कारखान्याच्या कँटीनमधला अप्पांचा हा आवाज. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. शाळा सुटली की दप्तरासकट पिठाच्या डब्यावर जाऊन बसायचं आणि आई कामावरून येईपर्यंत मुख्य आचाऱ्याची मुलगी म्हणून मिरवायचं, एवढंच माझं काम. समोर माझ्याहून उंच पातेली, त्यांत चारशे माणसांचं जेवण, आणि अप्पांच्या हातात छातीपर्यंत येणारा लाकडी सराटा. तो तळाला टेकला की टक् असा बसका आवाज यायचा. तो आला नाही, तर हलवणाऱ्याची धडगत नसे. स्वतः हलवायला उभे राहिले की अप्पा गुणगुणायचे,

फिर रे सराट्या, गोल गोल फिर,
तळाच्या दाण्याला वरचा धीर.
वरच्या सायीला तळाची ऊब,
पोटं भरू देत, भरू देत खूब.

हे गाणं कुठून आलं ठाऊक नाही. हात दमायला लागले तेव्हा त्यांनीच जोडलं असावं. अडतीस वर्षांत त्यांच्या पातेल्यानं एकदाही तळ धरला नाही, कधी काही बुडाला लागून करपलं नाही. ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगत, दूधवाल्याला सांगत, आणि कुणीच नसलं तर दाढी करताना आरशाला सांगत. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं घड्याळ दिलं आणि कँटीनच्या माणसांनी सराटा. घड्याळ कुठे पडलंय देव जाणे. सराटा आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा असतो, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा.

त्या कारखान्याला दोन भोंगे होते. पहिल्याला माणसं खांदे आखडून आत जायची. दुसऱ्याला तीच माणसं बाहेर पडायची, आणि फाटकातून चार पावलं आली की त्यांचे खांदे खाली उतरायचे. कुणी ठरवून नाही. आपोआप, ओल्या चादरीतून पाणी निथळावं तसे. मी डब्यावर उभी राहून खिडकीतून ते बघायची.

पुढे मी रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत सात वर्षं काढली. ती नोकरी सोडून स्वतःची बिअर करायची ठरवली तेव्हा तिची चव काय असेल हे मला माहीत नव्हतं. पण तिची वेळ माहीत होती. खांदे उतरल्यानंतरचा पहिला घोट. नाव तर आधीच ठरलेलं होतं: दुसरा भोंगा.

घरच्या गच्चीलगतच्या खोलीत मी शेगडी मांडली, चाळीस लिटरचं स्टीलचं पातेलं आणलं आणि वही उघडली. बिअरचं काम सांगायला सोपं आहे. मोड आणून भाजलेले बार्लीचे दाणे, म्हणजे माल्ट, भरडायचे आणि गरम पाण्यात तासभर मुरवायचे. दाण्यांतून गोड रस उतरतो. पहिला रस मधासारखा घट्ट असतो. तो शेगडीवर चढवायचा, आणि तोवर दाण्यांवर दुसरं पाणी घालून उरलासुरला गोडवा धुऊन काढायचा. मग दोन्ही दुसऱ्या भांड्यात एकत्र करून, हॉप्सची कडवट फुलं घालून उकळायचं, गार करायचं, यीस्ट सोडायचं आणि तीन आठवडे हात बांधून बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

पहिल्या सहा खेपा चांगल्या झाल्या. म्हणजे कुणीही केल्या असत्या तशा. धाकटी बहीण एक घोट घेऊन म्हणाली, “ताई, ही बिअर फार सुशील आहे गं. हिला स्थळं येतील, पण प्रेमात कुणी पडणार नाही.”

सातव्या खेपेला मी अप्पांना गच्चीवर बोलावलं. “पहिला रस तुम्ही सांभाळा, अप्पा. मी दाणे धुते.”

“मी? तुझ्या प्रयोगात?” त्यांनी सराटा उचलला तो लग्नाला निघाल्यासारखा. “वैज्ञानिकबाई, मध्ये मध्ये येऊन थर्मामीटर बुचकळायचं नाही. सांगून ठेवतो.”

ती सातवी खेप उघडली आणि आम्ही तिघांनी ग्लास उजेडाला धरले. रंग तोच, फेस तोच. पण घोट गिळल्यावर मागे काहीतरी रेंगाळत होतं. खमंग. दुसऱ्या कुणाच्या घरात भाकरी भाजली जात असताना दारावरून जावं तसं. धाकटीनं ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला. “ही,” ती म्हणाली. “हिच्यासाठी मी घर सोडून पळून जाईन.”

त्या खेपेत मी गडद माल्ट मूठभर वाढवला होता. वहीत त्या मुठीभोवती मी लाल गोल केला. आठवी, नववी, दहावी, सगळ्या तशाच उतरल्या. अप्पा हलवत, मी दाणे धुवायची, आणि काम झालं की ते पातेलं स्वतः घासायला घेत. “आचाऱ्याचं पातेलं दुसऱ्यानं घासू नये,” म्हणायचे. मला काय, बरंच झालं.

मग माझा पाय जमिनीवर ठरेना. परवान्याच्या कचेरीत अकरा खेटे घातले. तिथला कारकून शेवटी मला बघितलं की आपणहून खुर्ची सरकवायचा. धाकटीनं लेबल काढलं: पाठमोरे, खाली उतरलेले दोन खांदे. बाकी काही नाही.

अप्पा चष्मा वर-खाली करून म्हणाले, “हा शर्टाचा हँगर आहे का?”

“खांदे आहेत, अप्पा!”

“मग मानेवर निदान एक टॉवेल टाक. कामावरून आलेला माणूस आहे तो.”

टॉवेल टाकला, आणि लेबलात जीव आला.

शहरात एका बाईंची बारा बिअरघरं होती. तिथल्या बिअरच्या नळांवरून सगळे त्यांना नळवाल्या बाई म्हणत. त्यांनी दहाव्या खेपेचा ग्लास उभ्यानं प्यायला, मग खुर्ची ओढून बसल्या. “दोन महिन्यांनंतरच्या पहिल्या शनिवारी माझ्या बाराही ठिकाणी एक-एक नळ तुझा. पण एक ऐक. मी ही घेतेय. हिच्यासारखी नाही. ही.”

“हीच मिळेल,” मी म्हटलं. आवाज जराही हलला नाही माझा.

एवढी बिअर गच्चीवर होणार नव्हती. शहराबाहेरच्या एका बिअर कारखान्यात हजार लिटरची टाकी मी दोन वेळांसाठी भाड्यानं घेतली. तिथले मास्तर तीस वर्षं बिअर करत होते. माझी वही त्यांनी चाळली आणि म्हणाले, “पोरी, एवढं तर मी माझ्या लग्नातही लिहून ठेवलं नव्हतं.” आम्ही वहीतला आकडा न् आकडा पंचवीसपट केला. टाकी चकचकीत, भोवती वाफेचं कवच, सगळीकडून सारखी ऊब. चूक व्हायला जागाच नाही.

आणि बिअर निघाली ती सुशील.

नळवाल्या बाईंनी अर्धा ग्लास तसाच ठेवला. “छान आहे. पण ती नाही. शनिवार ढकलत नाही मी. तारीख जाहीर झालीय. जमलं तर ती आण, नाही तर नळ दुसऱ्याला जातील.”

टाकीची दुसरी पाळी येत्या मंगळवारी होती. मंगळवारी चुकलं तर बिअर मुरायला दिवसच उरत नव्हते. हाताशी होते पाच दिवस.

मी पाणी तपासलं, यीस्ट तपासलं, लाल गोलातली ती मूठ पुन्हा पुन्हा तोलली. अप्पांनी फसलेल्या बिअरचा एक घोट घेतला होता, आणि तेव्हापासून ते जेवताना बोलत नव्हते. आमच्या घरात अप्पा जेवताना गप्प म्हणजे घड्याळ बंद पडल्यासारखं. धाकटी म्हणाली, “तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलंय.” मलाही तसंच वाटलं.

शुक्रवारी सकाळी अप्पा दिवसभरासाठी बाहेर गेले आणि मी गच्चीवरच्या खोलीत एकेक वस्तू उचलून बघत बसले. पातेलं उचललं. आत ऊन पडलं. कडा आरशासारख्या, आणि तळाला ओरखडे. शेकडो, एकावर एक, गोल गोल. तारेच्या घासणीनं, जोर लावून, पुन्हा पुन्हा घासल्याशिवाय स्टीलवर असे ओरखडे उठत नाहीत.

मी खाली बसले. सातव्या खेपेपासून माझी पाठ शेगडीकडे असायची. माल्टच्या वाफेनं नाक भरलेलं असायचं. आणि, आत्ता आठवलं, एवढ्या खेपांत तो टक् आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. अप्पा वरच्या फळीवरचा डबा हल्ली धाकटीला काढायला सांगत. शर्ट घालताना उजवा हात आधी बाहीत घालून मग बाकीचं अंग त्यात घुसवत. हे सगळं मी पाहिलं होतं. वहीत लिहिलं मात्र नव्हतं.

मूठभर गडद माल्टनं काहीच केलं नव्हतं. रसानं तळ धरला होता.

मी लगेच शेगडी पेटवली. माल्ट घरात होताच. पहिला रस उतरवला, पातेल्यात घेतला, आच मोठी केली आणि हलवायची थांबले. निघालं ते कडू जहर. दुसऱ्यांदा केलं, जळक्या चपलेचा वास. खिडक्या उघडून, पंखा लावून अप्पा यायच्या आत सगळं आवरलं. जळणं कुणालाही जमतं. जळण्याच्या एक श्वास आधी थांबणं, ती करपट नजाकत पातेल्याबाहेर काढणं आणि राख तळाशीच ठेवणं, हे अडतीस वर्षांचं नाक होतं. ते माझ्याकडे नव्हतं.

अप्पांना विचारायचं तर काय? ‘तुमच्या पातेल्यानं तळ धरला ना?’ आरशालासुद्धा उलटं सांगणाऱ्या माणसाला? मी शब्द जुळवून बघितले. एकही असा निघेना जो त्यांना लागणार नाही. मग शब्दांचा नाद सोडला. आचाऱ्याला आचेसमोर उभं करायचं. पुढचं त्यांचं ते ठरवतील. ते ठरवतील याची मला खात्री होती. या माणसानं चारशे जणांना कधी उपाशी परत पाठवलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी भांडीवाल्याकडून दोन प्रचंड पातेली आणि दोन गॅसच्या भट्ट्या आणल्या. टेम्पोत पुढे अप्पा बसले, मांडीवर आडवा सराटा.

मास्तर कारखान्याच्या दारातच हसायला लागले. “अगं, वाफेची टाकी सोडून पातेली? इथे काय जेवणावळ आहे?”

“मास्तर, पहिल्या रसातले अडीचशे लिटर मला टाकीबाहेर काढून द्या. बाकीचं नेहमीसारखं करा.”

“आणि या पातेल्यांचं काय करणार?”

“ते अप्पांना विचारा,” मी म्हटलं. “माझे आचारी आहेत ते.”

अप्पांनी माझ्याकडे चमकून बघितलं. मी पातेल्याला पातेलं लावत होते.

रस आला, दाट, सोनेरी, वाफाळता. भट्ट्या फुरफुरल्या. मी सराटा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “अप्पा, घरी करता तसंच.” मग गच्चीवर असायची तशीच पाठ फिरवून मास्तरांसोबत टाकीतले दाणे धुवायला लागले. या वेळी कान मात्र मागे होते.

फिर रे सराट्या, गोल गोल फिर... आवाज बारीक, पण सुरात. सराटा रसात फिरत होता, चुळुक चुळुक, वरच्यावर. टक् नाही. पुन्हा एक फेरी. टक् नाही. मास्तर काही बोलणार होते; मी त्यांच्या हातावर हात ठेवला. गाणं तिसऱ्या ओळीला आलं, वरच्या सायीला तळाची... आणि थांबलं.

पाण्याची धार तेवढी वाजत राहिली.

“पोरी,” मागून आवाज आला.

मी वळले. अप्पांनी सराटा पातेल्याच्या काठाला टेकवला होता आणि डाव्या हातानं उजवा खांदा धरला होता. लेबलावरच्या माणसासारखा तो खांदा उतरला होता.

“दीड वर्ष झालं, हा वर जात नाही. जोर लागत नाही. सराटा तळाला पोचतच नाही माझा. सातव्या खेपेला रसानं तळ धरला. वास आला तशी आच उतरवली, तळाला हात न लावता वरचा रस अलगद ओतून घेतला, आणि पातेलं घासून टाकलं. तुला वाटलं, तुझ्या मुठीची करामत. तुम्ही दोघी एवढ्या खूश होतात... मग पुढच्या खेपांना मीच धरू दिला. दरवेळी. मुद्दाम.” त्यांनी मास्तरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ताठ उभे राहिले. “माझ्या पातेल्यानं तळ धरलाय, बाळ. आता ती आच मोठी कर आणि इथे माझ्याशेजारी ये. कधी थांबायचं ते मी सांगतो.”