पिवळ्या झेंड्याचे चार सेकंद

मी एक जुना पिवळा झेंडा आहे. मित्रांनो, मोटारींच्या शर्यतीत पुढे धोका असला की मला हलवतात. मग चालकाने वेग कमी करायचा, कोणालाही मागे टाकायचं नाही. मला साकीनाक्याच्या एका गाळ्यात शिवलं. तिथून मी मुलुंडच्या नंदकिशोर यांच्याकडे आलो. एरवी ते विम्याच्या कचेरीत असत आणि शर्यत असली की रजा टाकून ट्रॅकच्या कडेला झेंडा दाखवणारे मार्शल म्हणून उभे राहत.

दिल्लीजवळ तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, तिथेही आम्ही होतो. जुने मार्शल सांगत, पूर्वी या शर्यती साध्या रस्त्यांवर आणि विमानांच्या जुन्या धावपट्ट्यांवर व्हायच्या, कडेला गवताच्या गंज्या लावून. किती चालक गेले, त्याचीही यादी ते सांगत. म्हणून एक नियम होता. पिवळा झेंडा धरणाऱ्याने येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची आणि पुढच्या वळणावर नजर ठेवायची. मागचं बघायला जोडीदार असतो.

पुढे दक्षिणेतल्या एका छोट्या ट्रॅकवर त्यांच्याच बिल्डिंगमधला केयूर पहिल्यांदा शर्यतीत उतरला. त्याच्या गाडीचा आवाज ऐकून नंदकिशोर मागे वळले. आपल्या बिल्डिंगच्या पोराला बघायचं होतं, बस. तेवढ्यात पुढे एक गाडी गरकन फिरून आडवी झाली. मी चार सेकंद उशिरा वर गेलो. केयूर तिच्यावर आदळला आणि त्याचा पाय कायमचा आखडला.

तेव्हापासून नऊ वर्षं मी घडी घालून वॉशिंग मशीनवर आहे. माझ्यावर साबणाच्या पावडरीचा डबा असतो. वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही. नंदकिशोरांचंही तसंच असावं. जिन्यात केयूर भेटला की ते आपल्या चपलांकडे बघतात.

गेल्या रविवारी केयूर घरी आला. आता तो मुलांना कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची शर्यत, शिकवतो.

"काका, पुढच्या रविवारी पोरांची रेस आहे. झेंड्याला माणूस नाही. या ना."

"नको रे. मी परत मागे वळेन."

"नाही वळणार. मागे मी उभा राहतो."

नंदकिशोरांच्या पत्नी ऋताताईंनी डबा उचलला आणि मला खिडकीत झटकलं.

आज मी त्यांच्या हातात आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही चुकलेलं एखादं माणूस असं घडी घालून ठेवलेलं असेल, तर त्याला काम द्या आणि त्याच्या मागे उभे राहा. केयूरची पाठ नंदकिशोरांच्या पाठीला टेकली आहे. मागून गाड्यांचा आवाज येतो आहे. नंदकिशोर वळलेले नाहीत.