तीन वेळा कट्ट

“एकदा वाजलं की लगेच हात काढू नकोस. तीन वेळा कट्ट व्हायला हवं. तुझं नेहमीचंच, दोन टाके राहिलेले असतात आणि तू दोरा तोडून मोकळी.”

पेट्रोलच्या टाकीचं झाकण कसं लावायचं, हे ताईनं धाकटीला शंभरदा तरी सांगितलं असेल. ताई जाऊन आता चाळीस दिवस झाले होते. तिचा तो आवाज अजून रोज सकाळी कानात यायचा, शेजारच्या घरातला नळ ऐकू यावा तसा. त्यानं धाकटीला काही व्हायचं नाही.

ताईनं तिच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या. गाडी रोज पाच मिनिटं चालू करायची, नाहीतर बॅटरी बसते. आणि आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला धाकटीनंच गाडी चालवत न्यायचं. “आईच्या डोळ्यापुरतं पेट्रोल भरून ठेवलंय,” असं सांगून ताई दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं इस्पितळात गेली, ती गेलीच.

पहिली गोष्ट धाकटीनं एक दिवसही चुकवली नव्हती. आंघोळ, देवापुढे हात जोडणं, मग गाडी. घड्याळात बघून पाच मिनिटं बसायचं, किल्ली काढायची, उतरायचं आणि शिलाईच्या मशीनवर येऊन बसायचं. दुसरी मात्र दोनदा पुढे ढकलली होती. मामेभावानं इस्पितळातून गाडी घरी आणली, तेव्हाच त्यानं सांगितलं होतं, “समोर पिवळा दिवा लागलाय हं. मी काही केलेलं नाही.” गाडी रस्त्यावर न काढायला तो दिवा धाकटीला पुरला होता.

उद्या सकाळी नऊची तिसरी तारीख. ही चुकली तर डॉक्टरीणबाई चार महिने परगावी. एका डोळ्यानं अंदाज येईना, आईला आता चहाच्या कपाचा कान चाचपून शोधावा लागत होता.

“भाड्याच्या गाडीनं जाऊया का गं?” धाकटीनं विचारलं.

“तिला तू कबूल केलंस ते मी ऐकलंय,” आई म्हणाली. “डोळे मिटून पडले होते, झोपले नव्हते. मोतीबिंदू डोळ्यात झालाय, कानात नाही.”

म्हणून दुपारी धाकटी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेली. मिस्त्री चाकाखालून बाहेर आला, हात पुसत त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“दिवा लुकलुकतो की नुसता पेटलेला?”

“नुसता.”

“आणि लागला कधी? पेट्रोल भरल्यावर?”

धाकटीनं आठवून पाहिलं. “हो.”

“मग आधी झाकण बघा, बाई. झाकण सैल असलं की टाकीतली वाफ निसटते, आणि गाडी बोंब मारते. झाकणाच्या आतलं रबर कोरड्या फडक्यानं पुसा. चीर दिसली तर नवं झाकण घ्या. नसली तर वाजेपर्यंत घट्ट लावा.”

“की दिवा जाईल?”

“लगेच नाही. तीन-चार दिवस गाडी रस्त्यावर फिरली की आपोआप जाईल. दारात उभी करून नुसती घुरघुरत ठेवली, तर जन्मात जायचा नाही.”

संध्याकाळी तिनं झाकण पाहिलं नाही. एका सदऱ्याची बटणं लावली, भांडी घासली, झोपली.

सकाळी आई मांडीवर कागदांची पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसली, तेव्हा धाकटी फडकं घेऊन गाडीच्या मागे गेली. टाकीवरचं दार तिनं उघडलं.

झाकण तिरकं बसलं होतं. हरवू नये म्हणून त्याला जी प्लास्टिकची दोरी असते, तीच रबराखाली चेंगरली होती. म्हणजे ते एकदाही वाजलं नसणार. सगळ्या जगाला तीन वेळा कट्ट शिकवणारी ताई, असं झाकण लावून पंपावरून घरी आली होती. दारात म्हणाली होती, “आज हातात जोरच नाही बघ.” धाकटी सुईत दोरा ओवत होती. तिनं मान वर केली नव्हती.

फडकं हातात तसंच राहिलं. हे झाकण ताईच्या हातानं लागलेलं होतं. एकदा फिरवलं की ते तसं पुन्हा लागणार नव्हतं.

“काय झालं गं?” आईनं खिडकीतून विचारलं.

“ताईनं झाकण वाकडं लावलंय.”

आईनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले.

“आपल्या ताईनं?”

“हो.”

“मग सरळ कर,” आई म्हणाली. “उशीर होतोय.”

धाकटीनं झाकण फिरवलं. पेट्रोलचा वास आला. रबर पुसून तिनं बोट कडेनं नेलं. चीर नव्हती. दोरी बाजूला धरली, झाकण सरळ टेकवलं आणि फिरवत गेली. कट्ट. हात काढला नाही. कट्ट. कट्ट. हात आणखी थोडा वेळ तिथेच राहिला.

मग तिनं दार लावलं, फडक्याची घडी केली आणि गाडीत येऊन बसली. आईचा पट्टा लावला, स्वतःचा लावला, किल्ली फिरवली. पिवळा दिवा होताच.

घड्याळाकडे न बघता तिनं गिअर टाकला आणि गाडी हळूच फाटकाबाहेर काढली.