मुलाकडचे मामा

मुलीच्या बापानं मुलाकडच्या माणसाला "आपण कोण?" असं विचारायचं नसतं. आमच्याकडे त्याचा अपमान धरतात. फोनवर "मुलाकडून बोलतो" असं कानावर पडलं, की बाप उठून उभा राहतो आणि सदऱ्याची बटणं लावतो. जसा काही समोरचा फोनमधून बघतोच आहे! आमचे हे, मनोहरराव, एरवी वांग्याच्या भावावरून दलालाशी हमरीतुमरीवर येणारा गडी. पण सोयरिकीचा फोन आला, की यांच्या तोंडून "हो जी, हो जी" शिवाय काही निघत नाही. मला या गोष्टीचा पहिल्यापासून राग आहे.

आम्ही वडनेरचे. वांगी, कोबी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या हिंगणघाटच्या बाजारात नेतो. आमची एकुलती एक आचल हैदराबादला संरक्षण खात्याच्या कामात इंजिनिअर आहे. काय करते, ते सांगत नाही. एकदाच, दिवाळीत मी बर्फी थापत असताना बोलून गेली, "आई, आमचं इंधनही असंच ओतून जमवा लागते. आत एक बुडबुडा राह्यला, का सारं गेलं." त्यावरून आम्ही काय ते ओळखलं. दोन हजार किलोमीटर जाणारं नवं क्षेपणास्त्र तयार होतंय, असं पेपरात येतच होतं. मागच्या वर्षी त्याची चाचणी फसली, तेव्हा पोरगी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजून राहिली होती. जेवायलासुद्धा उठेना. त्या एका कामात तिची पाच वर्षं गेली आहेत, आणि तिचा सगळा जीव त्यातच आहे.

तिचा बायोडाटा दहा ठिकाणी फिरवल्यावर यंदा तिचं लग्न जमलं. मुलगा हर्षित, सावंगीला औषधांचं दुकान चालवतो. त्याचे आईवडील कारंज्याला असतात. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, रविवार ठरला आणि आचलचा फोन आला.

"त्या आठवड्यात नाई जमत, बाबा. मी समुद्राकडे जाऊन राह्यली. फोनही बंद राहीन. काऊन ते विचारू नका."

यांना घाम फुटला. मुलाकडच्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? हे आज सांगतो, उद्या सांगतो करत बसले, आणि तेवढ्यात तो फोन आला. "मुलाकडून बोलतो." हे ताडकन उभे.

"हर्षितरावाचे मामा का जी?" यांनीच विचारलं.

"हाँ, मामाच समजा," तो हसून म्हणाला. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. नागपूरकडचा असेल, असं आम्हाला वाटलं. यांचा फोन नेहमी स्पीकरवर. आवाज इतका गोड, की मीसुद्धा काम टाकून ऐकत बसले.

एवढा मायाळू पाहुणा मिळाल्यावर यांची जीभ सैल सुटली. साक्षगंध पुढं ढकलायचं सांगितलं. तो म्हणाला, हरकत नाही, पण कारण तर कळू द्या, घरात बायका शंका घेतात. झालं! हे म्हणाले, "पोरीवर शंका नका घेऊ जी. थे नवीन क्षेपणास्त्र हाये ना, त्याच्यात आमची पोरगी हाये. त्याचीच परीक्षा हाये त्या आठवड्यात." मग त्यानं विचारलं, पोरगी हैदराबादला कुठं राहते, येताजाता मिठाई देऊन जाईन म्हणतो. यांनी सोसायटीचं नाव दिलं, मजला सांगितला. वर तिचा नवा फोटोही पाठवला, कारण मामांनी मागितला होता.

दोन दिवसांनी हर्षितचे वडील सदाशिवराव कारंज्याहून आले. हे हात जोडून म्हणाले, "मामासाहेबांनी सांगतलंच असन तुमाले."

"कोनते मामा?" सदाशिवराव म्हणाले. "हर्षितले मामाच नाई जी. त्याच्या मायले भाऊच नाई."

मी चहा पुढं केला. यांनी हसून वेळ मारून नेली. पाहुणे गेल्याबरोबर तो नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

"पोलिसात चला," मी म्हटलं.

"आन सांगू काय? पोरीचं काम जाईन ना. तिले चौकशीले उभी करतीन."

आचलचा फोन लागत नव्हता. मग सुरू झाली ती नुसती भीती. बांधावर मोटारसायकल थांबली, की मी आधी नंबरप्लेट बघे. भाव विचारायला आलेला माणूससुद्धा मला तो मामाच वाटे. तारीख त्या माणसाला कळलीय, तो काहीतरी घातपात करणार, पोरीच्या हाताखालीच ते पेटणार, असं आम्हा दोघांच्याही मनात होतं आणि दोघंही बोलत नव्हतो. मी देवाला म्हटलं, फसू दे ती चाचणी, पण माझी पोर राहू दे.

बुधवारी टीव्हीवर बातमी आली. चाचणी यशस्वी. धूर सोडत ते वर गेलं आणि शेजारची मंदाबाई पेढे घेऊन धावत आली. यांना पेढा गिळवेना.

संध्याकाळी आचलचा फोन आला. काही सांगितलं नाही तिनं, पण नुसती हसत होती. इतकी मोकळी मी तिला कधी ऐकली नव्हती. यांनी तिला पुरतं हसूही दिलं नाही. सगळं सांगून टाकलं: मामा, तारीख, परीक्षा. सांगताना रडत होते.

तिनं ते सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "बाबा, तारखेचं काई नाई. चाचणीच्या आधी समुद्रातल्या बोटवाल्यायले नोटीस जाते. तारीख साऱ्या जगाले माहीत होती."

माझा जीव भांड्यात पडला. मी फोन ओढूनच घेतला. "मंग काईच बिघडलं नाई ना, बाई?"

"आई, त्याले तारीख पाहिजेच नव्हती. हे बनवून कोन राह्यलं, ते पाहिजे होतं. आमची नावं कुठंच नसतात." मग तिनं विचारलं, "माझा फोटो देला का त्याले?"

"देला."

"मी कुठं राहते, तेही सांगतलं?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली.

"घरी ये," मी म्हटलं. "आत्ता निघ. तिकडं नको राहू, इकडं ये."

"त्यानं तुमचा नंबर माझ्या लग्नाच्या बायोडाटावरून घेतला असन, आई," आचल म्हणाली. "त्याच्यावर वडनेरचाही पत्ता हाये."