साधा 'मुळे'

प्रयोगशाळा सोडून ती वकील झाली होती, आणि आज तिच्याच बाजूने साक्ष देणारे तिचे जुने सर तिच्या डोक्याला ताप झाले होते.

"सर, उद्या कोर्टात एवढंच म्हणा, सिरपमुळे बाळाच्या किडन्या गेल्या."

"'मुळे' नको. 'संबंध आढळतो' म्हणेन."

"अहो, तेवढ्यावर कंपनी हसत हसत सुटेल!"

"माझ्या लेखांतले 'मुळे' तूच खोडायचीस ना गं?"

तिने कपाळावर हात मारला. खोडायची, आणि बरोबरच खोडायची.

शेजारच्या खुर्चीवरची बाळाची आई म्हणाली, "सर, सिरप मी पाजलं. सासूबाई म्हणतात, माझ्यामुळे झालं. त्यांना बरा सापडतो हा शब्द."

सर चष्मा पुसत राहिले.

"फार तर," ते शेवटी म्हणाले, "'दाट संबंध' म्हणतो."